हँडेलचे ‘म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स’ : राजाचा नगारा आणि राजाविना शहर

म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स (कृतिक्रमांक एचडब्ल्यूव्ही ३५१) ही जॉर्ज फ्रिडरिक हँडेल (१६८५–१७५९) याची वाद्यवृंदासाठी रचलेली, डी मेजर या स्वरपट्टीतील पाच भागांची मालिका होय. ग्रेट ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या आज्ञेवरून ती १७४९ च्या वसंतात सिद्ध झाली आणि त्याच वर्षी २७ एप्रिल रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये शोभेच्या दारूकामाच्या प्रसंगी वाजवली गेली. बरोक काळातील दरबारी वाद्यसंगीताचा हा बहुधा सर्वांत परिचित नमुना असून १७१७ मधील ‘वॉटर म्युझिक’ या त्याच रचनाकाराच्या कृतीशी तिचे नाव नेहमी जोडून घेतले जाते. ऑस्ट्रियन वारसायुद्धाचा शेवट करणारा एक्स-ला-शापेलचा तह हे या रचनेचे निमित्त. त्या तहाचे धागे एडिनबराशी निकटचे आहेत आणि भारताशीही आहेत. म्हणून ही कृती येथे एडिनबराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हँडेलचे दरबारातील स्थान थोडे समजून घेतले पाहिजे, कारण ‘दरबारी संगीतकार’ या शब्दाने आपल्याकडे जे चित्र उभे राहते त्यात तो पुरता बसत नाही. जर्मनीतील हाले येथे जन्मलेला हा संगीतकार १७१० मध्ये हॅनोव्हरच्या इलेक्टरच्या पदरी कापेलमाइस्टर, म्हणजे दरबारच्या संगीताचा प्रमुख, झाला आणि लवकरच लंडनला येऊन तिथेच रमला. १७१४ मध्ये तोच इलेक्टर पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर आला. १७२३ पासून हँडेल राजाच्या चॅपल रॉयलसाठी संगीतरचनाकार होता, राजकन्यांचा शिक्षकही होता, आणि राजघराण्याकडून त्याला वर्षाला एकूण ६०० पौंड मिळत. ‘मास्टर ऑफ द किंग्ज म्युझिक’ हे मानाचे पद मात्र १७३५ पासून मॉरिस ग्रीन या इंग्रज संगीतकाराकडे होते. खरा मोठा प्रसंग आला की ग्रीनला बाजूला ठेवून हँडेलला बोलावले जाई. पद एकाकडे, काम दुसऱ्याकडे, ही दरबारी रीत आपल्याला अपरिचित नाही. हँडेलचे उरलेले आयुष्य नाटकगृहे, वर्गणीदार, छापील प्रती आणि तिकिटे यांच्या हिशोबात गेले. राजाचे वर्षासन घेणारा, पण बाजारावर जगणारा असा तो माणूस होता आणि प्रस्तुत रचनेतला सगळा ताण याच दुहेरी जगण्यातून आला आहे.

तह आणि एडिनबरा

१७४० मध्ये सुरू झालेले ऑस्ट्रियन वारसायुद्ध १८ ऑक्टोबर १७४८ रोजी झालेल्या एक्स-ला-शापेलच्या तहाने संपले. ब्रिटनमध्ये हा तह लोकप्रिय नव्हता. उत्तर अमेरिकेतील लुईबर्गचा किल्ला इंग्रजांनी मोठ्या कष्टाने घेतला होता. तो फ्रान्सला परत करावा लागला. त्याच्या बदल्यात हाती आले ते मद्रास. १७४६ मध्ये ला बुर्दोने याने जिंकलेले ते ठाणे तहान्वये १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे परत गेले. ग्रीन पार्कमध्ये दारूकाम पाहायला जमलेल्या लंडनकरांना मद्रासचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस, १५ डिसेंबर १७४९ रोजी, साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले आणि मराठी सत्तेचे केंद्र पुण्याकडे सरकले. पुढील अर्धशतकात इंग्रज आणि मराठे ज्या पटावर समोरासमोर आले, त्या पटावरच्या काही सोंगट्या या दोन घटनांनी हलवल्या होत्या, एवढे नोंदवणे पुरे.

एडिनबराच्या दृष्टीने तहातील कळीचे कलम वेगळेच होते. फ्रान्सने हॅनोव्हर घराण्याचा ब्रिटिश गादीवरील हक्क मान्य करावा आणि स्टुअर्ट घराण्याच्या दावेदाराला आपल्या भूमीवर थारा देऊ नये, असे त्यात ठरले. हा दावेदार म्हणजे चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १७ सप्टेंबर १७४५ रोजी, त्याने हायलँडमधील सैन्यासह एडिनबरात प्रवेश केला होता. होलिरूडच्या राजवाड्यात त्याचा दरबार सहा आठवडे भरला. नृत्याचे समारंभ झाले. शहर त्याच्या हाती होते, पण खडकावरचा किल्ला मात्र राजा जॉर्जच्या शिबंदीने सोडला नाही. किल्ल्याची रसद तोडण्याचा प्रयत्न होताच तिथल्या तोफा स्वतःच्याच शहरावर डागल्या गेल्या. पुढे १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर राजपुत्र ड्यूक ऑफ कंबरलंड याने ते बंड निर्दयपणे मोडून काढले. हँडेल या काळात तटस्थ नव्हता. बंडाच्या ऐन धामधुमीत त्याने ‘ऑकेजनल ओरेटोरिओ’ रचले आणि १७४७ मध्ये ‘जूडस मॅकबीयस’ हे ओरेटोरिओ कंबरलंडच्या विजयाच्या गौरवार्थ सादर केले. डिसेंबर १७४८ मध्ये, तहाच्या त्या कलमानुसार, चार्ल्स एडवर्डला पॅरिसमध्ये पकडून हद्दपार करण्यात आले. पकडले तेव्हा तो ऑपेराला निघाला होता.

म्हणजे या रचनेतील ‘ला पे’ (शांती) नावाचा मृदू भाग ज्या शांततेचे गुणगान करतो, ती एडिनबरातील अनेक घरांना पराभवाच्या मोहोरेसारखी वाटली असणार. याच शहरातल्या दुसऱ्या अनेक घरांना, व्यापाऱ्यांना, वकिलांना आणि प्रेसबिटेरियन धर्मगुरूंना, तीच सुटकाही वाटली. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड असे हे सोपे चित्र नव्हते. एडिनबरा विद्यापीठातील संगीताचे अध्यासन ज्याच्या मृत्युपत्रातून १८३९ मध्ये उभे राहिले, तो जनरल जॉन रीड हा बासरीवादक आणि संगीतरचनाकार स्वतः हायलँडचा होता आणि १७४५–४६ मध्ये राजा जॉर्जच्याच बाजूने लढला होता.

सनई-चौघडा की सारंगी?

या रचनेचा खरा इतिहास वाद्यांवरून झालेल्या रस्सीखेचीचा आहे. मराठी वाचकाला तो समजायला मुळीच अवघड नाही. राजाला या प्रसंगी मुळात संगीतच नको होते. असलेच तर ते रणवाद्यांचे असावे, ‘फिडल्स’ म्हणजे व्हायोलिने नकोत, असा त्याचा आग्रह होता. हँडेल मात्र तुताऱ्या आणि हॉर्न कमी करून तंतुवाद्ये वाढवू पाहत होता. दारूकामाची जबाबदारी असलेला ड्यूक ऑफ मॉन्टेग्यू आणि त्याच्या हाताखालचा चार्ल्स फ्रेडरिक यांच्यातील पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत हँडेलच्या हट्टीपणाबद्दलची चिडचिड लपत नाही. हँडेलच्या हस्तलिखितातही ही रस्सीखेच दिसते: ओबोबरोबर व्हायोलिने आणि बसूनबरोबर चेलो वाजवावेत अशा सूचना त्याने लिहिल्या आणि काही ठिकाणी त्या खोडल्या. सर्पाकृती ‘सर्पंट’ हे खर्जातले वाद्यही आधी लिहून मग काढून टाकले आहे.

अखेर हस्तलिखितात ठरलेला ताफा असा होता: २४ ओबो, १२ बसून व त्यांच्या जोडीला खर्जाचा काँट्राबसून, ९ तुताऱ्या, ९ हॉर्न आणि केटलड्रमच्या ३ जोड्या, शिवाय बाजूचे ढोल. ओबो हे दुहेरी पातीचे वाद्य, म्हणजे आपल्या सनईचे भावंड. केटलड्रम हा युरोपने पूर्वेकडून उचललेला नगारा. घोड्यावर जोडीने बांधलेल्या नगाऱ्यांपासून तो वाद्यवृंदात आला. तेव्हा दुसऱ्या जॉर्जने जे मागितले ते सनई-चौघडाच होते, फक्त चोवीसपट. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना आठवावा. सनई आणि नगारा ही वाद्ये राजाच्या दाराशी, उघड्यावर, दुरून ऐकू यावीत म्हणून असतात. ती सत्तेचा पुकारा करतात. सारंगी किंवा बीन दिवाणखान्यात असते. ती ऐकणाऱ्याला जवळ बोलावते. हँडेलला आपली रचना नगारखान्यातून दिवाणखान्यात न्यायची होती आणि राजाला ती दरवाजावरच हवी होती. या वादाला निव्वळ तांत्रिक मानणारे लेखन बरेच आहे. तो तसा नव्हता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगीत राजाचे की श्रोत्याचे, हा प्रश्न त्याच्या तळाशी होता.

स्वरपट्टीची निवडही वाद्यांनीच ठरवली. त्या काळच्या तुताऱ्यांना कळा नव्हत्या; फुंकीने निघतील तेवढेच नैसर्गिक स्वर त्यांतून वाजत, आणि इंग्लंडमधील तुताऱ्या डी स्वरात जुळवलेल्या असत. म्हणून संपूर्ण मालिका डीभोवती फिरते, आणि जेथे डी मायनर येतो तेथे तुताऱ्या गप्प बसतात.

रचना

सर्वांत मोठा आणि महत्त्वाचा भाग म्हणजे सुरुवातीचा ओव्हर्चर. एकूण कृतीचा जवळजवळ अर्धा वेळ तोच घेतो. आरंभी ठाय लयीत, फ्रेंच पद्धतीने ‘ठुमकत’ जाणारी, टिंबयुक्त स्वरांची भव्य चाल. मग द्रुत लयीत तुताऱ्या, हॉर्न आणि ओबो यांचे गट एकमेकांना साद घालतात आणि तेच वाक्य एका गटाकडून दुसऱ्याकडे फेकले जाते. यात अवघड सुरावट फारशी नाही. शेकडो यार्डांवर उभ्या असलेल्या गर्दीपर्यंत पोचायचे तर गुंतागुंत टाकूनच द्यावी लागते, आणि हँडेलने ती ज्या हिशेबाने टाकली आहे त्यातच त्याचे कौशल्य आहे.

त्यानंतरचा ‘बूरे’ हा डी मायनरमधील छोटा, हलका नृत्यप्रकार. तुताऱ्या आणि नगारे थांबल्यामुळे येथे क्षणभर अंगणातली सावली आल्यासारखे वाटते. ‘ला पे’ हा भाग सिचिलियाना या इटालियन गोपगीताच्या झोकात, बारा-आठच्या हेलकावत्या तालात आहे. येथे हॉर्नला विस्तृत आणि मृदू स्वर मिळाले आहेत. युद्धातले वाद्य शांततेचे गाणे गाते, ही योजना उघड आहे. ‘ला रेजुइसाँस’ (आनंदोत्सव) हा सर्वांत लोकप्रिय भाग हँडेलने तीनदा वाजवायला सांगितला आहे: पहिल्यांदा तुताऱ्यांच्या गटाने, दुसऱ्यांदा हॉर्न व लाकडी सुषिरवाद्यांनी, तिसऱ्यांदा सर्वांनी मिळून. शेवटी दोन मिन्युएट आहेत. पहिला डी मायनरमध्ये, दुसरा डी मेजरमध्ये. हा दुसरा पुन्हा पूर्ण ताफ्यानिशी येतो आणि कृती संपते. घाईने वाजवले तर सगळे वीस मिनिटांत आटोपते.

तालीम, आग आणि अनाथालय

ग्रीन पार्कमधील दारूकामासाठी फ्रेंच दरबारात नाव कमावलेला नेपथ्यकार सेर्वांदोनी याने ४०० फुटांहून लांब आणि १०० फुटांहून उंच असा लाकडी देखावा उभारला होता. दारूकाम बोलोन्याच्या रुज्जिएरी मंडळींकडे होते. त्याआधी २१ एप्रिलला व्हॉक्सहॉल येथील बागेत जाहीर तालीम झाली. तिला हँडेलचा विरोध होता. पण बागेचा मालक जोनाथन टायर्स आपले दिवे आणि ३० माणसे ग्रीन पार्कच्या रोषणाईसाठी देणार होता आणि त्या बदल्यात त्याला ही तालीम हवी होती. अडीच शिलिंग तिकीट असूनही १२,००० माणसे लोटल्याची वार्ता तेव्हा छापली गेली. थेम्सवर तेव्हा लंडन ब्रिज हा मध्य शहरातला एकच पूल वापरात होता आणि त्यावर गाड्यांची तीन तास कोंडी झाली.

मुख्य समारंभ त्या मानाने फसला. पावसाळी रात्र, ओलसर दारू, आणि १०१ तोफांची सलामी. संगीत बहुधा दारूकाम सुरू होण्यापूर्वीच वाजून गेले असावे. त्या रात्री व्हायोलिने होती की नव्हती यावर आजही अभ्यासकांत एकमत नाही. मध्येच देखाव्याचा उत्तरेकडील मंडप पेटला. संतापलेल्या सेर्वांदोनीने चार्ल्स फ्रेडरिकवर तलवार उपसली, त्याला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी सुटका. राजाला हवा होता तो प्रसंग असा धुरात संपला.

महिन्याभराने, २७ मे रोजी, हँडेलने हीच रचना लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ बालकांच्या संस्थेच्या मदतीसाठी सादर केली, आणि या वेळी तंतुवाद्यांसह. जूनमध्ये वॉल्श या प्रकाशकाने वाद्यांचे भाग छापून विक्रीस ठेवले, त्यांतही व्हायोलिने होती. दरवाजावरचा चौघडा दोन महिन्यांत दिवाणखान्यात आला आणि तिथून, छापील कागदाच्या रूपाने, राजाच्या हाताबाहेर गेला.

राजा नसलेले शहर

एडिनबराचे संगीतजीवन याच छापील कागदावर उभे होते. सहावा जेम्स १६०३ मध्ये लंडनला गेला तेव्हापासून होलिरूडचा वाडा बहुतेक वेळ रिकामाच असे. १७०७ मध्ये संसदही गेली. दरबार नाही म्हणजे दरबारी वाद्यवृंद नाही, वर्षासन नाही, आणि आज्ञाही नाही. ती उणीव वकील, न्यायाधीश, जमीनदार आणि डॉक्टर यांनी वर्गणी काढून भरून काढली. १७२८ मध्ये स्थापन झालेली एडिनबरा म्युझिकल सोसायटी हे त्याचे फळ. हौशी सभासद स्वतः वाजवत आणि अवघड भागांसाठी पगारी वादक ठेवत. ही हौस उथळ नव्हती: पेनिक्विकचा सर जॉन क्लार्क, जो १७०७ च्या विलीनीकरणाच्या वाटाघाटीत होता, तो तरुणपणी रोममध्ये कोरेल्लीकडे शिकला होता.

सोसायटीच्या पगारी संगीतकारांत १७३५ पासून फ्रान्चेस्को बर्सांती होता. इटलीतील लुक्का गावचा हा माणूस लंडनमार्गे येथे आला. त्याने एडिनबरातून १७४२ च्या सुमारास दहा ‘कॉन्चेर्तो ग्रोस्सो’ प्रसिद्ध केले. पहिल्या पाचांत दोन हॉर्न आणि नगारे, पुढच्या पाचांत तुतारी, दोन ओबो आणि नगारे आहेत, आणि सर्वांबरोबर तंतुवाद्ये. हँडेल ज्या मेळासाठी १७४९ मध्ये राजाशी भांडला, तो या राजाविना शहरात सात वर्षे आधी, कोणाचीही परवानगी न घेता, एका वर्गणीच्या मंडळात वाजत होता. मात्र वर्गणीचे दुखणेही होतेच. सोसायटीची आवक आटली तसा बर्सांतीचा पगार निम्म्यावर आला आणि १७४३ मध्ये स्कॉटिश पत्नीसह तो लंडनला परतला. तेथे व्हायोला वाजवून पोट भरू लागला. आपल्याकडे छत्रपती शाहूंच्या कोल्हापूर दरबारात मानाने राहिलेले अल्लादियाखाँसाहेब १९२२ मध्ये महाराज गेल्यानंतर मुंबईला गेले आणि शिकवण्यांवर व मैफलींवर राहिले. त्याआधीच पुण्यात १८७४ मध्ये गायन समाजासारखी नागरिकांची संस्था निघाली होती. दरबार संपतो तेव्हा संगीत सभासदांकडे जाते. त्याची किंमत बहुधा कलावंत मोजतो.

सोसायटीने पुढे १७६३ मध्ये निड्री स्ट्रीट व काउगेटच्या कोपऱ्यावर सेंट सिसिलियाज हॉल बांधला. रॉबर्ट मिल्न याने आखलेले हे लंबवर्तुळाकार सभागृह मैफलींसाठीच बांधलेले स्कॉटलंडमधील सर्वांत जुने सभागृह आहे. हँडेलचे संगीत येथील कार्यक्रमांत कोरेल्लीच्या बरोबरीने असे. त्याची ओरेटोरिओ विशेष आवडती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोसायटी मोडली, वास्तू अनेक हातांतून गेली आणि विसाव्या शतकात विद्यापीठाने ती घेतली. २०१७ मध्ये नूतनीकरण होऊन ती पुन्हा उघडली. आज तेथे विद्यापीठाचा वाद्यसंग्रह आहे: १७६९ चा पास्काल तास्कँ याचा हार्पसिकॉर्ड सर्वांत प्रसिद्ध, पण सुषिरवाद्यांची दालनेही तितकीच पाहण्याजोगी. कळा नसलेले हॉर्न आणि दोन-तीन कळांचे ओबो जवळून पाहिले की हँडेलची स्वरपट्टी आणि ‘बूरे’मधील तुताऱ्यांचे मौन यांचा उलगडा न सांगता होतो.

किल्ल्याखाली

१९८० च्या दशकापासून एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा समारोप प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समधील मैफलीने होऊ लागला. खाली स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा आणि वर किल्ल्याच्या तटावरून, संगीताच्या तालाला जुळवलेले दारूकाम. हँडेलची ही रचना या मैफलीत वाजली, हे ओघानेच आले. ज्या तटावरच्या तोफा १७४५ मध्ये हॅनोव्हरच्या बाजूने शहरावर डागल्या गेल्या, त्याच तटाखाली हॅनोव्हरच्या राजाचे विजयगीत ऐकायला दोन्ही बाजूंचे वंशज चटया टाकून बसत. तिकीट न काढता कॉल्टन हिलवर किंवा मेडोजच्या हिरवळीवर उभे राहणाऱ्यांत आपली मंडळीही कमी नसत. मैफलीत व्हायोलिने असत आणि दारूकामही असे. हँडेल व दुसरा जॉर्ज या दोघांचेही मन राखले जाई. २०२० मध्ये साथीमुळे महोत्सवच रद्द झाला आणि ही परंपरा खंडित झाली.

राजाच्या मूळ आज्ञेबरहुकूम ही रचना कशी वाजली असेल हे ज्यांना ऐकायचे आहे त्यांच्यासाठी एक ध्वनिमुद्रण अद्याप कुतूहलाचा विषय आहे. हँडेलच्या मृत्यूला २०० वर्षे झाली त्या एप्रिल १९५९ मध्ये चार्ल्स मॅकेरस याने लंडनमध्ये २६ ओबोवादक गोळा केले. इतके ओबोवादक एकाच वेळी मोकळे मिळणे अशक्य, म्हणून सगळ्यांच्या संध्याकाळच्या नोकऱ्या संपल्यावर, रात्री अकराच्या सुमारास काम सुरू झाले आणि पहाटेपर्यंत चालले. हाच मॅकेरस पुढे एडिनबराच्या स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राचा मानद संचालक झाला आणि उतारवयापर्यंत या शहराच्या महोत्सवात येत राहिला. ते मुद्रण लावून डोळे मिटावेत. ओव्हर्चरच्या पहिल्या दहा सेकंदांत लग्नमंडपाच्या दाराशी उभे असल्याचा भास होतो.